मामांचं बारावीचं प्रमाणपत्र

आमच्या शाळेच्या रसायनशाळेत मी पहिल्यांदा शिकवायला उभी राहिले तेव्हा माझ्याकडे दोन पदव्या होत्या आणि ब्युरेट कोणत्या हाताने धरायचं ते ठाऊक नव्हतं. चाळीस पोरांसमोर मी उजव्या हाताने तोटी पिळत होते. मागून कुणीतरी अगदी हळू म्हणालं, “बाई, तोटी डाव्या हाताने. उजवा फ्लास्क हलवायला मोकळा ठेवायचा.” ते मामा.

मामा म्हणजे माझे मामा नव्हेत. ते साऱ्या शाळेचे मामा, हुद्द्याने प्रयोगशाळा परिचर. काचेची भांडी धुणं, द्रावणं बनवणं, बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवणं आणि माझ्यासारख्या पदवीधरांची लाज राखणं हे त्यांचं काम. डाव्या हाताची तीन बोटं कायमची पिवळी पडलेली. नाक असं की जिन्यात असतानाच सांगायचे, “अमोनियाचं बूच कुणीतरी उघडं ठेवलंय.” पिपेट धुतली की खिडकीशी धरून बघायचे. काचेला आत एक थेंब जरी चिकटून राहिला तरी पुन्हा धुवायचे. घरी मामी म्हणायच्या की हा माणूस पाण्याचा पेलासुद्धा उजेडात धरून बघितल्याशिवाय पीत नाही.

ते नोकरीला लागले तेव्हा दहावी पास, बारावी नापास असलं तरी भागत होतं. अठ्ठावीस वर्षं भागलंही. मग एके दिवशी वरून परिपत्रक आलं. वरून म्हणजे नक्की कुठून हे मला अजून कळलेलं नाही, पण आमच्याकडे पाऊस आणि परिपत्रक दोन्ही वरूनच येतात आणि दोन्हींपुढे इलाज नसतो. परिपत्रकात म्हटलं होतं की यापुढे प्रयोगशाळा परिचराकडे उच्च माध्यमिक शाळेचं, म्हणजे बारावीचं, प्रमाणपत्र असणं आवश्यक आहे. एक वर्षाची मुदत. नाहीतर त्याला ‘अन्य योग्य जागी’ हलवण्यात येईल. आमच्या शाळेत अन्य योग्य जागा एकच होती, गेटवर.

मामांच्या निवृत्तीला चार वर्षं उरली होती. ते परिपत्रक त्यांनी दोनदा वाचलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं.

“गेटवर काय वाईट आहे म्हणा,” ते म्हणाले. “हवा चांगली असते.” आणि वळून त्यांनी धुतलेल्या परीक्षानळ्या पुन्हा धुवायला घेतल्या.

माझं डोकंच फिरलं. माझा स्वभाव मुळात असा की अन्याय दिसला की मी आधी ओरडते आणि मग विचार करते, आणि दुसरा भाग बरेचदा राहूनच जातो. मी म्हटलं, “मामा, तुम्ही परीक्षा द्यायची. या लॅबमधलं तुम्हाला येत नाही असं काय आहे? मी बघते कोण तुम्हाला हलवतो ते.”

“बाई, चौपन्न वर्षांचा आहे मी.”

“मग काय झालं? मी आहे ना!”

हे वाक्य मी आयुष्यात पुन्हा कुणाला म्हणणार नाही.

आम्ही दोघं ऑफिसात गेलो. आमच्या हेडक्लार्कला शाळेत सगळे ‘नियमावली’ म्हणतात, आणि त्यांना तो मान वाटतो. माणूस वाईट नाही. फक्त त्यांना विचाराल तेवढंच ते सांगतात, त्याच्यापुढे एक अक्षर नाही. त्यांनी कपाटातून एकशे बारा पानांची पुस्तिका काढली आणि बोट ओलं करून पान उलटलं.

“प्रमाणपत्रासाठीच्या आवश्यकता. लिहून घ्या. पाच विषय, त्यात भाषा एक तरी हवीच. प्रत्येक विषयात लेखीत वेगळं पास, प्रात्यक्षिकात वेगळं पास. प्रात्यक्षिकाला तीस दिवस हजेरी. प्रयोगवहीवर शिक्षकांची सही.”

“हजेरीचं सोडा,” मी म्हटलं. “मामा अठ्ठावीस वर्षं रोज लॅबमध्ये हजर आहेत.”

“ते कामावर असतात, बाई. विद्यार्थी म्हणून हजर नसतात.” नियमावलींनी चष्मा वर केला. “एकच माणूस एकाच तासाला कामावरही आणि वर्गातही, असं कसं चालेल? सही कुठल्या मस्टरवर करणार?”

“मग करायचं काय?”

“रजा टाकायची. रजेवर असताना माणूस कुठेही जाऊ शकतो. लॅबमध्येसुद्धा.”

मग मामांनी तीस दिवसांची रजा टाकली, लॅबमध्ये यायला. आणि पहिल्याच दिवशी लॅबला कुलूप! कारण ‘परिचर हजर नसताना प्रयोगशाळा उघडू नये’ असा नियम दारावर चिकटवलेला होता. तो मीच दोन वर्षांपूर्वी भांडून करून घेतला होता, त्यामुळे मला तोंड उघडायची सोय नव्हती. दाराबाहेर चाळीस मुलं, मी आणि पांढरा एप्रन घातलेले रजेवरचे मामा असे आम्ही सगळे त्या कुलपाकडे बघत उभे. किल्ली मामांच्याच खिशात होती. पण रजेवर असलेल्या माणसाने कुलूप उघडायचं नसतं.

शेवटी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, तोडगा काढला. गेटवरच्या माणसाला तीस दिवस बदली परिचर म्हणून लॅबमध्ये आणलं. त्याच्या गळ्यात कायम शिट्टी लटकलेली असायची म्हणून मुलं त्याला ‘शिट्टी’च म्हणत. पस्तिशीतला, मनाने सरळ, आणि वीस वर्षांपूर्वी कधीतरी बारावी पास झालेला. कला शाखेतून.

त्या तीस दिवसांची आठवण झाली की आजही मला घाम फुटतो. मामा शेवटच्या बाकावर दोन मुलींच्या मधे बसायचे आणि शिट्टी कपाटापाशी उभा राहायचा. मी म्हणायची, “विरल गंधकाम्ल द्या.” शिट्टी सगळ्या बाटल्यांवरून नजर फिरवायचा, मग शेवटच्या बाकाकडे. मामा भुवईने खुणा करायचे, वरचा कप्पा, नाही नाही, त्याच्या शेजारची. विद्यार्थ्याने कपाटाला हात लावायचा नाही हा नियम मामांनीच अठ्ठावीस वर्षं पाळून घेतलेला, त्यामुळे उठायची पंचाईत. चौथ्या दिवशी शिट्टीने आम्ल पातळ करायला घेतलं. बरणीत आम्ल होतं आणि तो वरून पाण्याचा जग ओतायच्या बेतात होता.

“बाई, मी उठू का?” मामांनी हात वर केला.

मी फळ्याकडे तोंड करून लिहीत होते. “प्रश्न नंतर विचारा.”

“बाई, नंतर छप्पर राहणार नाही!” म्हणत मामा बाकावरून उडी मारून पुढे आले आणि त्यांनी शिट्टीचा हात धरला. “आम्ल पाण्यात घालायचं रे बाबा, पाणी आम्लात नाही. अंगावर उडालं तर आई ओळखणार नाही तुझी.” मग परत जाऊन जागेवर बसले आणि परवानगीशिवाय जागा सोडली म्हणून त्यांनी माझी माफी मागितली.

महिनाभरात मामांनी शेवटच्या बाकावर बसून शिट्टीला निम्मी लॅब शिकवली. शिट्टीला तीस दिवसांच्या कामाचा दाखला हवा होता, तोही मी सही करून दिला. चांगलं काम केलं असंही वर लिहिलं. मला काय माहीत!

लेखीचा अभ्यास घरी मामींनी घेतला. मामी शिवणकाम करायच्या. मशीनवर पुस्तक उघडं ठेवून त्या प्रश्न विचारत आणि उत्तर चुकलं की मशीन थांबवून नुसत्या बघत. मामा म्हणायचे की मुख्याध्यापिकांना मी कधी घाबरलो नाही, पण मशीन थांबलं की येत असलेलं उत्तरही विसरतो. भाषेच्या सराव परीक्षेत ‘मोठेपणी मी कोण होणार’ हा निबंध आला. मामांनी प्रामाणिकपणे लिहिलं, ‘चार वर्षांनी मी निवृत्त होणार’, आणि ते कसं होतात याचं दीड पान वर्णन केलं. भाषेच्या सरांनी शेरा मारला, ‘स्वप्ने मोठी पाहावीत.’

प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. दरवर्षी तेच यायचे, त्यामुळे सवयीने त्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या हाक मारली, “मामा, जरा डिस्टिल्ड वॉटर आणा.” मामा परीक्षार्थी म्हणून बसलेले, ब्युरेट निम्मं भरलेलं. पण अठ्ठावीस वर्षांची सवय ती. उठले, पाणी आणून दिलं, परत बसले. मग परीक्षकांना पंखा हवा होता, मग खिडकी नको होती. मी दातओठ खात उभी. तरी मामांचा निष्कर्ष दशांशापर्यंत बरोबर आला. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, “नायट्रिक आम्ल हातावर सांडलं तर तुम्ही काय कराल?”

मामांनी पिवळी बोटं पुढे केली. “हे बघा साहेब. हे तेव्हा केलं नव्हतं म्हणून असं झालं.”

“काय केलं नव्हतं?”

“धुतलं नव्हतं. एका पोराच्या डोळ्याकडे उडालं होतं, आधी त्याचा डोळा धुतला.”

पुस्तकातलं उत्तर ‘भरपूर पाण्याने धुवावे’ असं आहे. परीक्षकांनी तीन मार्क कापले. तिसांपैकी सत्तावीस.

निकाल लागला आणि मामा पाचही विषयांत पास झाले. टक्के अठ्ठावन्न. मी स्टाफरूममध्ये ओरडले, मुलांनी बाकं बडवली, आणि मामींनी त्या दिवशी मशीन उघडलंच नाही. ते प्रमाणपत्र त्यांनी शेजारपाजारच्या सगळ्यांना दाखवलं, पण हातात कुणाच्या दिलं नाही. मामा स्वतः काही बोलत नव्हते. फक्त स्टाफच्या यादीत आपल्या नावापुढे शिक्षणाच्या रकान्यात ‘१० वी’ खोडून ‘१२ वी’ लिहिलंय का ते बघायला दिवसातून दोनदा ऑफिसच्या फलकापाशी जायचे. मला त्यांचा इतका अभिमान वाटत होता की मी वर्गात उगाचच हसत होते.

प्रमाणपत्राची प्रत ऑफिसात दिली. बरोबर बाराव्या दिवशी हुकूम आला. प्रयोगशाळा परिचर म्हणून शिट्टी. मामा गेटवर.

मी तशीच ऑफिसात घुसले. मामा मागून आले, हातात ओला फडका तसाच.

“हा काय चावटपणा आहे?” मी नियमावलींच्या टेबलावर हुकूम आपटला.

“चावटपणा नाही, पान बासष्ट आहे.” त्यांनी शांतपणे पुस्तिका उघडली. “जागेसाठी प्रमाणपत्र हवं, आणि दोन उमेदवार असतील तर ज्याचा अनुभव जास्त त्याला जागा. अनुभव मोजायचा प्रमाणपत्राच्या तारखेपासून. शिट्टी वीस वर्षांपूर्वी पास झालाय. त्यानंतरचा लॅबमधला त्याचा अनुभव तीस दिवस. दाखल्यावर सही तुमचीच आहे. मामा पास झाले त्याला झाले बारा दिवस.”

“आणि आधीची अठ्ठावीस वर्षं?”

“ती पात्रता नसतानाची. ती अनुभवात धरत नाहीत.”

“मग ती गेली कुठे?” मी किंचाळले.

“गेली नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी तरतूद आहे ना.” त्यांनी मागची पानं चाळली. “पान एक्क्याण्णव. ज्या परिचराकडे प्रमाणपत्र नाही, पण सेवा पंचवीस वर्षांपेक्षा जास्त आहे, त्याला निवृत्तीपर्यंत आहे त्या जागी ठेवावं. सूट.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. “म्हणजे मामांना परीक्षा द्यायची गरजच नव्हती?”

“नव्हती.”

“आता लावा की मग ती सूट!”

“आता कशी लावणार? आता त्यांच्याकडे प्रमाणपत्र आहे.”

मी मामांकडे बघायचं टाळलं. “वर्षापूर्वी आम्ही इथेच उभे होतो,” मी म्हटलं. “तेव्हा का नाही सांगितलंत?”

नियमावलींना खरोखर आश्चर्य वाटलं. “बाई, तुम्ही आवश्यकता विचारल्यात. सूट नाही विचारलीत.”

त्या माणसाच्या डोक्यावर ती एकशे बारा पानं फाडून टाकावीत असं वाटत होतं. पण खरं सांगायचं तर त्यांच्यापेक्षा राग माझा मला येत होता. मी एक पान पुढे वाचलं असतं तर! सगळ्या पोरांना मी सांगते, कृती सुरू करण्याआधी ती शेवटपर्यंत वाचा.

तेवढ्यात मामांनी विचारलं, “साहेब, प्रमाणपत्र परत करता येतं का?”

नियमावलींनी पहिल्यांदाच पुस्तिका न उघडता उत्तर दिलं. बहुधा त्यांनाही आतून काहीतरी टोचत असावं. “परत नाही करता येत. रद्द करता येतं. परीक्षेत गैरप्रकार केला असं उमेदवाराने लिहून द्यायचं आणि विषयशिक्षकांनी त्याला दुजोरा द्यायचा. मग प्रमाणपत्र रद्द. शिक्षा म्हणून पाच वर्षं परीक्षेला बसता येत नाही.”

“त्यांना कुठे बसायचंय पुन्हा!”

“तेच म्हणतोय. शिक्षा नसल्यासारखीच. प्रमाणपत्र गेलं की पान एक्क्याण्णव लागू होतं. मामा लॅबमध्ये.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “हे मी सांगितलं असं बोलू नका.”

मी लॅबमध्ये आले, दार लोटलं आणि लिहायलाच बसले. ‘मी खाली सही करणार, रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेत निष्कर्ष स्वतः न काढता बाईंनी दिलेल्या कागदावरून उतरवून घेतला.’ खाली माझा दुजोरा, माझी सही. मला समज मिळाली असती, बढती अडली असती. अडू दे. वर्षापूर्वी मी जो घोळ घातला तो चार ओळींत निस्तरत होता, आणि खोटं लिहिताना मी एकदाही थांबले नाही.

मामांनी चष्मा लावून कागद वाचला. पूर्ण वाचला, अगदी शेवटपर्यंत.

“बाई, यात एक चूक आहे.”

“कुठली?”

“तुमच्या कागदावरून उतरवलं असतं तर तीस मिळाले असते. मला सत्तावीस आहेत.”

मला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. मी म्हटलं, “मामा, विनोद पुरे. सही करा. तीन वर्षांचा प्रश्न आहे. तो शिट्टी उद्या आम्लात पाणी ओतेल.”

“नाही ओतणार. शिकवलंय मी त्याला.” त्यांनी कागदाची घडी घातली आणि माझ्यापुढे सरकवली. “अठ्ठावीस वर्षं मी इथे नापास माणूस म्हणून होतो बाई. कुणी बोललं नाही, पण यादीत नाव सगळ्यात खाली असायचं. आता पास झालोय. चोरी न करता. घरी बायको मशीन बंद ठेवून माझ्याकडे बघत बसली होती त्या दिवशी. तिला काय सांगू, चोरी केली म्हणून लॅब मिळाली?”

मामांनी एप्रन काढला, खुंटीला लावला. मग शिट्टीला बोलावून त्यांनी दीड तास एकेका कपाटापुढे उभं करून सगळं सांगितलं, कुठली बाटली उन्हात ठेवायची नाही, कुठल्या नळाचं पाणी भांड्यांना वापरायचं नाही, आणि बाईंना वर्गात काही आठवलं नाही तर मागून हळूच कसं सांगायचं. हे शेवटचं त्यांनी माझ्यासमोरच सांगितलं.

सोमवारी सकाळी मी घाईघाईने गेटमधून आत शिरत होते. पहिली तासिका प्रात्यक्षिकाची. मामा नव्या टोपीत उभे होते. गेटची नियमपत्रिका त्यांनी रविवारीच पाठ केली असावी, कारण त्यांनी मला थांबवलं.

“बाई, ओळखपत्र?”

वीस वर्षांत त्या गेटवर कुणी कुणाला ओळखपत्र विचारलं नव्हतं. मी पर्स उपसली. घरी राहिलं होतं.

“मग वहीत लिहा,” मामा म्हणाले. थट्टेचा लवलेश नव्हता. “नाव, वेळ, आणि कुणाला भेटायचंय.”

मी नाव लिहिलं, वेळ लिहिली. तिसऱ्या रकान्यापाशी पेन थांबलं. लॅबमध्ये मला भेटायला आता कुणीच नव्हतं.